ओळख पटल्याशिवाय

शिवडीच्या गोदामात दादांच्या कमरेवर गोणी घसरली आणि त्यानंतर आमच्या घरात ओली मासळी यायची बंद झाली. सुकट तेवढी उरली. सकाळी सुकट, संध्याकाळी कुळथाची पिठी, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून अधूनमधून दादांच्या एकट्याच्या ताटात एक अंडं. ते अर्धं खायचे आणि ताट माझ्याकडे सरकवायचे. "खा गं, त्यांचं पोट भरलंय," आई म्हणायची. कुणाचंच भरलेलं नसायचं. दादा म्हणजे माझे वडील. बरे झाल्यावर त्यांना हमाली जमेना, तेव्हा मालकाने त्याच गोदामावर पहारेकरी म्हणून ठेवून घेतलं. खाकी सदरा मिळाला आणि पगार घटला. माझ्या पाठची भावंडं जगली नव्हती, त्यामुळे खाणारी तोंडं तीनच, असं लोक आम्हाला समजुतीखातर सांगायचे.

आई शर्टांचे धागे कापायची. दादरच्या एका कारखान्यातून शिवलेल्या शर्टांचा गठ्ठा डोक्यावरून आणायचा, प्रत्येक काजातून, बटणाखालून, बगलेतून लोंबणारे धागे छोट्या कात्रीने उडवायचे, घड्या घालायच्या आणि गठ्ठा परत पोचवायचा. त्या कात्रीचा आवाज हाच आमच्या खोलीचा आवाज होता. मी निबंध पाठ करत असले की मध्येमध्ये कचकच चालायचं. पुढे कचेरीत काम करताना पंख्याच्या आवाजातही मला ते ऐकू यायचं. भाकरीत, अंथरुणात, वहीत, सगळीकडे रंगीत धाग्यांचे तुकडे सापडायचे. वर्गातली एक मुलगी माझ्या केसातून निळा धागा काढून म्हणाली होती, "शिवणकाम करतेस?" मी म्हटलं, "आई करते." त्यात लाजायचं काय ते मला तेव्हाही कळलं नाही. मी नुकतीच दादरच्या कॉलेजात जाऊ लागले होते. आमच्यात तोवर सातवीच्या पुढे कुणी पाऊल टाकलं नव्हतं, आणि मला त्याचा गर्व होता. आजही आहे.

नायगावच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दार लागलेलं दिसलं तर आत कुणी आजारी आहे नाहीतर नवराबायकोचं वाजलंय असं समजायचे, आणि दोन्ही कारणांसाठी शेजारी दार वाजवायचे. कुणी परका माणूस जिन्यात येऊन पत्ता विचारू लागला तर त्याला नुसतं "पुढे जा" म्हणून सोडायचं नाही, बरोबर जाऊन दारापर्यंत पोचवायचं. मधल्या पाच-सहा दारांतून विचारणा व्हायची, "कुणाकडले?" आणि पोचवणाराच उत्तर द्यायचा. आलेल्याने "जय भीम" म्हटलं की विषय संपला. त्याला बसायला पाट, प्यायला पाणी, आणि साखर असेल तर चहा. तू कोण, कशावरून, असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं मानलं जाई.

आईकडे सोनं म्हणाल तर एक बोरमाळ होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, स्वतःच्या गळ्यातली काढून तिला दिलेली. आत लाख आणि वर सोन्याचा पातळ पत्रा, पण दिसायला भरदार. आमच्या मजल्यावर तशी दुसरी नव्हती, त्यामुळे कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की "शेवंतीची बोरमाळ" आधी मागितली जाई. गावाकडेसुद्धा जायची. मुलगी सासरी गेली की चार दिवसांनी बोरमाळ रुमालात बांधून परत येई, सोबत बुंदीचे लाडू. आईने ती स्वतः फार घातली नसेल. पण तिच्या माहेरच्या आणि आमच्या चाळीतल्या कितीतरी मुलींच्या लग्नाच्या फोटोत ती आहे. माझ्या गळ्यात मात्र ती कधी आली नाही.

तो माणूस दुपारी आला. मी कॉलेजात होते, पण पुढचं सगळं आई आणि हौसाकाकी यांनी पोलिसांना, दादांना आणि एकमेकींना इतक्यांदा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखं आठवतं. हौसाकाकी आमच्या शेजारच्या खोलीतली. जीभ तिखट, आणि मनात काही राहत नसे. ती नळावरून हंडा घेऊन येत होती. जिन्यात एक पांढऱ्या शर्टातला माणूस उभा होता. "जय भीम ताई. शेवंतीताई कुठे राहतात? गावावरून आलोय." हौसाकाकी त्याला घेऊन आमच्या दारात आली आणि म्हणाली, "शेवंते, तुझ्या माहेरचं माणूस." ही एवढीच ओळख. आईला वाटलं, हौसाने आणलाय म्हणजे तिने विचारलं असेल. हौसाकाकीला वाटलं, नाव घेऊन आलाय म्हणजे शेवंती ओळखत असेल.

त्याने पाणी घेतलं, चहा घेतला. आईच्या भावाचं नाव घेतलं, वाडीचं नाव घेतलं, आजीचे गुडघे दुखतात हेही सांगितलं. गुडघे कुठल्या म्हातारीचे दुखत नाहीत? मग म्हणाला, मुलीचं लग्न ठरलंय, तिला तुमच्यासारखीच बोरमाळ करायची आहे, सोनार खाली नाक्यावर थांबलाय, नुसती नक्षी दाखवतो आणि आणून देतो. आईने पेटी उघडली. ज्या बाईने आयुष्यभर ती वस्तू लग्नघरांना काढून दिली तिला त्यात वावगं काय वाटणार? तिने ती रुमालात बांधून दिली आणि वर म्हणाली, "सावकाश आणा हो, घाई नाही."

त्यालाही घाई नव्हतीच. मी कॉलेजातून आले तेव्हा आई दारात उभी होती आणि हौसाकाकी नाक्यावर जाऊन परत आली होती.

आता लोक मला विचारतात, एवढं कसं कुणी भोळं असतं. हेच लोक फोनवरच्या अनोळखी साहेबाला बँकेचा आकडा वाचून दाखवतात, कारण त्याला यांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख ठाऊक असते. समोरच्याला आपली माहिती आहे म्हणजे तो आपला आहे, ही समजूत चाळीतलीच नाही. ती टॉवरमध्येही आली आहे.

तक्रार झाली. नंतर चौकीवरून एक हवालदार आले आणि त्यांनी चाळीच्या बुद्धविहारात बायकांची सभा घेतली. वयस्क, शांत माणूस, घशात कफ. त्यांनी छापील कागद वाचून दाखवला. ओळख पटल्याशिवाय दार उघडू नये. दारास साखळी लावावी. घरातील पुरुष कोठे व केव्हा कामावर जातात याची माहिती अनोळखी इसमास देऊ नये. कोणासही घर दाखवण्यास जाऊ नये. आलेल्या इसमाकडे ओळखपत्र मागावे.

"साहेब," हौसाकाकी म्हणाली, "तुमच्याकडे कुणी मागितलं?"

बायका हसल्या. हवालदारांनी खिशातून ओळखपत्र काढून तिच्यासमोर धरलं. "मागायला पाहिजे होतं तुम्ही. घ्या, वाचा."

"मला कुठे वाचता येतंय?"

"मग हिला वाचायला सांगा," असं म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी नाव, हुद्दा, सगळं मोठ्याने वाचलं. आई मागे भिंतीला टेकून बसली होती. ती हसली नाही. बायका बाहेर पडताना एक जण कुजबुजली, "स्वतःच्या हाताने दिली हो, ओरबाडून नाही नेली." आईने ऐकलं. मला तिचा चेहरा आठवतो. त्यावर काहीच नव्हतं.

घरी दादांनी सुतार आणून दाराला साखळी बसवली. जगाची गोदामं राखायची आणि आपल्या घरी हे, असं कुणीतरी त्यांना शिवडीत बोललं असणार. त्यांनी ते सांगितलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "सुजाता, उद्यापासून कॉलेज बंद. हिच्याजवळ कुणीतरी पाहिजे दाराशी."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू."

आमच्याकडे "बघू" म्हणजे काय ते मला माहीत होतं. नोकरी, लग्न, दवाखाना, ज्याला ज्याला "बघू" म्हटलं ते तिथेच राहिलं. मी आईकडे पाहिलं. ती ताटातल्या पिठीत बोट फिरवत होती. मी भांडले नाही, रडलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आंघोळ केली, वेणी घातली आणि दाराच्या आतल्या बाजूला पाटावर बसले.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत. एकसारखेच होते म्हणून असेल. बंद दारामागे खोली तापायची. सुकटीचा वास बाहेर जायचा नाही, तो शर्टांना लागला म्हणून कारखान्याने एक गठ्ठा परत केला. मीही एक कात्री घेऊन आईबरोबर धागे कापायला बसले. कचकच आता दोघींची. बाहेर गॅलरीत हळूहळू सगळीच दारं लागली. नळावर जाताना बायका आमच्या दाराकडे बघत नसत. दादा कामावरून आले तरी आई आतून "कोण?" म्हणायची, आणि "मी" एवढ्याने तिचं भागत नसे. "अगं मी, तुझा नवरा," असं त्यांना रोज गॅलरीत उभं राहून म्हणावं लागायचं. पहिल्यांदा पोरं हसली. मग तेही बंद झालं. हौसाकाकी एकदा दाराच्या फटीतून म्हणाली, "शेवंते, मीच गं आणला त्याला. शिव्या तरी दे मला." आई म्हणाली, "तुझा काय दोष," आणि फट मिटवली. मला वाटतं शिव्या दिल्या असत्या तर हौसाकाकीला बरं वाटलं असतं.

अशाच एका दुपारी दार वाजलं.

"कोण?"

"जय भीम. शेवंतीआत्या हायत का? मी मंगेश. कमलचा नवरा."

कमल म्हणजे माझ्या मामाची मुलगी. तिच्या लग्नाला दादांच्या दुखण्यामुळे आम्ही कुणी गेलो नव्हतो. बोरमाळ तेवढी गेली होती. जावई आम्ही पाहिलेला नव्हता. मी साखळीच्या फटीतून बघितलं. काळा, किडकिडीत माणूस, हातात रेक्झिनची पिशवी, एस.टी.च्या धुळीने पापण्या पांढऱ्या झालेल्या.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"म्हातारीचा काय खरा नाय. दोन दिवस आत्याचा नाव घेतेय. मामांनी सांगितलंय, घेऊनच ये."

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, "आजीचं नाव काय?" त्याने सांगितलं. "मामांच्या घरासमोर काय आहे?" त्याने सांगितलं, फणस. मी आईकडे वळले. ती अगदी हळू म्हणाली, "त्यालाही सगळं ठाऊक होतं."

ही त्यातली मेख होती. तो जितकं बरोबर सांगत होता तितकं ते आईला खोटं वाटत होतं. बाहेर त्या बिचाऱ्याला कळेना की काय सांगितलं म्हणजे हे दार उघडेल. शेवटी त्याला त्याच्याजवळची सगळ्यात पक्की खूण आठवली असणार. तो म्हणाला, "आत्या, आमच्या लग्नात तुमची बोरमाळ व्हती की. कमलने घातलेली. आठवतंय नव्हं?"

आईने हात पुढे करून दार लोटलं. कडी घातली. आतून म्हणाली, "आमचं गावाकडे कोण नाही. जा तुम्ही."

तो बराच वेळ गॅलरीत होता. त्याच्या चपला इकडून तिकडे जाताना ऐकू येत होत्या. त्याने हौसाकाकीचं दार वाजवलं, तिने आतूनच "माहीत नाही" म्हटलं. दादा कुठे कामाला आहेत, कधी येतात, हे त्याने पलीकडच्या दोन घरांत विचारलं. कुणी सांगितलं नाही. कागदात लिहिलं होतं तसंच सगळ्यांनी केलं. त्याला पाणीही कुणी विचारलं नाही. मग चपलांचा आवाज जिन्याने खाली गेला. परळ डेपोतून संध्याकाळची एस.टी. पकडून तो परतला, हे आम्हाला नंतर कळलं.

दादा आल्यावर मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंत." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेवढं कौतुक त्यांनी माझा कॉलेजात नंबर लागला तेव्हाही केलं नव्हतं.

काही दिवसांनी मामा आला. माझ्या आईचा सख्खा भाऊ, तिच्यापेक्षा थोरला. दार वाजवलं आणि आईने "कोण?" म्हणायच्या आधीच बोलला, "नाव सांगू की पुरावा दाखवू?"

आईने साखळी काढली. मामा आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "आई गेली. शुक्रवारी पुण्यानुमोदन आहे. ते सांगायला आलो."

"कधी?" आई म्हणाली.

"मंगेश घरी पोचला त्याच दिवशी. दाराकडे बघत होती. जावई एकटाच आलेला बघितला तिने." मग जरा थांबून म्हणाला, "जावयाला दारातून परत धाडलंस शेवंती. पाण्याशिवाय."

मी बोलायला गेले, की मामा, आम्हाला असं फसवलं होतं. तो म्हणाला, "कळलं मला खाली. मग निरोप तरी धाडायचा गं आम्हाला, की बोरमाळ गेली. आम्ही काय भरून मागणार होतो?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. लाजेने आईने माहेरी कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर मंगेश एकटा आला नसता, बोरमाळीचं नाव घेतलं नसतं. मामा निघून गेला. आई पाटावर बसली, शर्ट मांडीवर घेतला आणि धागे कापू लागली. मी वाट बघत होते की ती रडेल. रडली नाही. गठ्ठा संपला तेव्हा तिने कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाली, "दार उघड. कोंडल्यासारखं होतंय."

संध्याकाळी दादा आले तेव्हा दार सताड उघडं होतं. ते दारातच थबकले. आई म्हणाली, "सुजाता उद्यापासून कॉलेजात जाईल."

"आणि तू एकटी?"

"दाराशी पोर बसवली होती ना? मग काय झालं? ती होती, साखळी होती, मी होते. माझी आई गेली."

दादा साखळीकडे वळले. त्यांनी "बघू" म्हटलं नाही. साखळी सोडवायला त्यांनीच स्क्रू फिरवले, पण एक स्क्रू अडकून बसला आणि साखळीचं अर्धं कडं शेवटपर्यंत चौकटीलाच राहिलं.

मग आईने हौसाकाकीला हाक मारली. कित्येक दिवसांनी. दोघी गॅलरीत बसल्या आणि त्यांनी जे ठरवलं ते असं. यापुढे कुणी आलं तर त्याला दारात नाही, खोलीतही नाही, गॅलरीतच बसवायचं. बाकडं टाकायचं. पाणी द्यायचं, चहा द्यायचा, मग तो कुणीही असो. तो चहा पिईपर्यंत आजूबाजूच्या निदान तीन घरांतल्या बायकांनी बाहेर येऊन बसायचं आणि गप्पा मारायच्या. घरच्या माणसाच्या कामाची जागा त्याला सांगायची नाही, पण पोराला धाडून त्या माणसाला बोलावून आणायचं. आणि एकट्या बाईने कुणाच्या हातात काही द्यायचं नाही. द्यायचं झालं तर दुसरी बाई उभी पाहिजे.

"खऱ्या माणसाला चहा पिऊन बसायला काय जातंय?" आई म्हणाली.

"आणि खोट्याला पाच बायकांत बसवून बघ की," हौसाकाकी म्हणाली. "माझ्या एकटीच्याच तोंडाला पळेल तो."

विहारातल्या फळ्यावर हे मी खडूने लिहिलं, आमच्या बोलीत. हवालदार पुन्हा आले तेव्हा त्यांनी ते उभ्याने वाचलं, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "माझ्या कागदात चहा नव्हता." मग चहा घेतला.

मी जिथे आता राहते तिथे खाली दरवाजावर कॅमेरा आहे आणि पाहुणा आला की फोन वाजतो. चांगली सोय आहे. मी ती वापरते, शेजारच्या म्हाताऱ्यांना शिकवतेही. पण मागे माझ्याकडे एक बाई आल्या तेव्हा फोन चुकीच्या मजल्यावर वाजला, तिथून दार उघडलंच नाही आणि त्या उन्हात खाली तासभर उभ्या राहिल्या. सोसायटीच्या सभेत मी बाकड्याचं बोलले, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, लॉबीत खुर्च्या ठेवल्या की लोक बसतात." मी म्हटलं, "म्हणूनच ठेवा."

बोरमाळ मिळाली नाही. मंगेशदाजी पुढे दोन-तीनदा मुंबईला आले. बाकड्यावर बसले, पाणी प्याले, माझ्याशी नीट बोलले, पण आमच्या घरी ते कधी जेवले नाहीत. आई आजीच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गेली होती. ती मागे बसून राहिली आणि त्यानंतर माहेरचं नाव तिने क्वचितच काढलं. ती शेवटपर्यंत धागे कापत होती.

मी बी.ए. झाले. दुसऱ्या वर्गात, आमच्या घराण्यात पहिली. माझ्यानंतर आमच्या मजल्यावरच्या आणखी मुली कॉलेजात गेल्या, आणि त्यांच्यातल्या एकीलाही दार राखायला घरी बसवलं नाही.